तिसऱ्या चौकटीचा चेहरा

पहिल्या बरणीचं झाकण नेत्राच्या हाताखाली सहज फिरलं. दुसरीचं फिरेना. तिनं अंगठा नीट रोवून जोर लावला तेव्हा कुठे ते सुटलं. मग तिनं दोन्ही बरण्या आळीपाळीनं नाकाशी नेल्या, डोळे मिटून दोन-दोन श्वास घेतले आणि दुसरीकडे बोट दाखवलं.

"ही. केळ्याचा वास."

"बरोबर," चाचणीआधी नाक तपासणाऱ्या मोरिता-सान म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर एक सुबक गोल काढला.

खरं सांगायचं तर नेत्राला कसलाही वास आला नव्हता. गेल्या चौदा महिन्यांत कधीच आला नव्हता. कोविड झाला, ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना तो वासही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. येतोय कसला! पण मोरिता-सान म्हणजे टापटिपीची कमाल. एका बरणीत केळ्याच्या अर्काचे थेंब घातलेलं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. अर्क उडून जाऊ नये म्हणून त्या बरणीचं झाकण बाई रोज एक वेढा जास्त आवळत. साध्या पाण्याचे एवढे लाड कोण करतं? त्यामुळे जी बरणी उघडताना मनगट दुखेल ती केळ्याची, हे नेत्राला आजारातून उठल्यावर पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून ती या परीक्षेत रोज पास होत होती.

जपानमधल्या कोतो भागात कालव्याकाठच्या त्या तीन मजली इमारतीत विषारी वायूपासून वाचवणारे मास्क बनत. पूर्वी ते रंगाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत जात. आता दोन वर्षं ते दूरच्या एका युद्धात जात होते. तिथे सैनिक शंभर वर्षांपूर्वीसारखे खंदक खणून बसले होते आणि वरून ड्रोन येऊन त्या खंदकांत वायूचे गोळे टाकत होते. चाचणी विभागाचे प्रमुख हिराता-सान यांनी नेत्राला पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"हा वायू सहसा माणसाला मारत नाही. डोळे आणि घसा जाळून त्याला खंदकाबाहेर काढतो. बाहेर आल्यावर मारणारे वेगळे असतात."

मास्क गळतो की नाही हे बघायची रीत साधी होती. प्लास्टिकच्या तंबूत केळ्याचा अर्क पसरायचा, माणसाला मास्क चढवून आत उभं करायचं. मास्क चेहऱ्याला नीट बसला असेल तर वास येणार नाही. आला, तर कडेनं हवा आत शिरते आहे. ज्या वाटेनं केळं शिरतं त्याच वाटेनं विष शिरणार.

आणि चेहरे तरी सारखे कुठे असतात? भिंतीवर दहा चौकटींचा तक्ता होता. रुंद चेहरे, गोल चेहरे, आखूड चेहरे. तिसरी चौकट अरुंद, लांबट चेहऱ्याची आणि उंच नाकाची. जपानी कर्मचाऱ्यांत तसं नाक मिळेना म्हणून कंपनीनं निशी-कसाईतल्या भारतीय किराणा दुकानात चिठ्ठी लावली होती. हिंगाच्या डब्या घ्यायला गेलेली नेत्रा ती चिठ्ठी वाचून हसत सुटली होती. लग्नात सासूबाईंनी ज्याचं सगळ्यांत जास्त कौतुक केलं त्या नाकाला जपानात नोकरी लागली!

नियमाप्रमाणे प्रत्येक चौकटीला दोन चेहरे लागत. तिसऱ्या चौकटीतली दुसरी बाई, एक पोलिश शिक्षिका, दीड वर्षापूर्वी मायदेशी गेली. त्यानंतर हिराता-सान यांनी वरून परवानगी आणून एकट्या नेत्रावर काम चालवलं. तिच्या आकाराच्या प्रत्येक मास्कला आता तिचीच एकटीची साक्ष होती.

आज सहाशे मास्कांची खेप जायची होती. ट्रक तीनला येणार होता.

तंबूत शिरून नेत्रानं मास्क चढवला. बाहेरून हिराता-सान एकेक सूचना देत होते. नेहमीचा श्वास. खोल श्वास. मान डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. कमरेत वाका. जागच्या जागी पळा. काचेआडून ती त्यांच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती.

"वास?"

तिनं हातांची फुली केली. नाही.

"शेवटपर्यंत?"

पुन्हा फुली.

बाहेर आल्यावर कस्तुरी तिचे पट्टे सोडवायला पुढे झाली. कस्तुरी निशी-कसाईतलीच, नवरा आयटीत, स्वतः सातव्या चौकटीतली, गोल चेहऱ्याची. तिला इथे लावलं नेत्रानंच, तीन आठवड्यांपूर्वी. तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"हल्ली तू किती वाळलीयेस गं ताई, गालफडं बघ... अगंबाई!" तिनं मास्क उलटा करून नाकाशी नेला. "आत शिकरण केलंस की काय? काय घमघमतंय!"

नेत्राच्या हातातली टोपी खाली पडली.

"केसांना लागतो तो वास," ती म्हणाली.

"केसांना? असेल." कस्तुरीनं पुन्हा हुंगलं. "नाकाच्या इथे जास्त आहे बघ. पण तुला आत आला नाही ना? मग झालं तर." आणि तिनं फडक्यानं मास्क आतून पुसून टाकला.

झालं तर! नेत्रा टोपी उचलायला वाकली आणि तशीच जरा वेळ वाकून राहिली. ती खरंच वाळली होती. अन्नाला चव राहिली नाही की माणूस जेवतो तरी किती? चार किलो कमी झाले होते. वर्षभरापूर्वी जिथे रबर गच्च बसायचं तिथे आता बसत असेल की नाही, ते सांगणारं एकच नाक होतं आणि ते मेलेलं होतं.

ती हिराता-सान यांच्या टेबलाशी गेली.

"माझी बट मध्ये आली होती असं वाटतं. पुन्हा एकदा करू या का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला वास आला?"

"नाही."

"मग बट मध्ये नव्हती." ते क्वचित हसत, तसं किंचित हसले. "नेत्रा-सान, तुम्ही फार काळजी करता. वरच्या लोकांना मी तेच सांगितलं. इतक्या दिवसांत या बाईंकडून एकही खोटा इशारा आला नाही. एप्रिलपासून तुमचं कायमच्या नोकरीचं पत्र निघतं आहे. आज सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं."

त्यांनी अहवाल तिच्यासमोर सरकवला. तिनं शिक्का मारला आणि वाकून आभार मानले. दुसरं काय करणार होती?

कायमचं पत्र. आठ वर्षं ती या देशात वरदची बायको होती. विमानतळावरच्या कागदांपासून मुलाच्या शाळेच्या अर्जापर्यंत सगळीकडे 'अवलंबून असलेली व्यक्ती'. या इमारतीत पहिल्यांदा तिच्या गळ्यात तिच्या नावाची पाटी आली. वास गेला तेव्हा तिला वाटलं, दोन आठवड्यांत येईल, कशाला उगीच बोभाटा? दोन आठवडे झाले, महिना झाला. मग सांगायचं म्हटलं तर वास गेला एवढंच सांगून भागणार नव्हतं, महिनाभर का लपवलंस तेही सांगावं लागलं असतं. झाकलेली गोष्ट रोज थोडी थोडी जड होत गेली.

बारा वाजता तिनं वरदला फोन लावला.

"बोल पटकन, मीटिंगमध्ये शिरतोय. सगळे थांबलेत."

"वरद, मी..."

"काय गं? बरं नाही का?"

"बरं आहे. येताना कोथिंबीर आण."

"कोथिंबीर? त्यासाठी फोन केलास?" तो हसला. "आणतो, बाई."

फोन बंद झाला. तळमजल्यावर खोकी भरली जात होती. जेवणाचा डबा न उघडता तसाच ठेवून ती खाली गेली. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर हिरवी पट्टी चिकटवलेली, म्हणजे तिसऱ्या चौकटीचे. एका खोक्यात वीस. भरणारा म्हातारा प्रत्येक मास्कचे पट्टे नीट आत दुमडून ठेवत होता, कोणाच्या घरी फराळाचा डबा पाठवावा तसा. तिच्याकडे बघून त्यानं मान लववली.

"ओत्सुकारेसामा, दमलात हो. सगळी मिळून तीसच खोकी. आटोपलं समजा."

प्रत्येक मास्कमागे एक माणूस, नेत्राच्या मनात आलं. लांबट चेहऱ्याचा, तिच्यासारख्या नाकाचा. आणि खंदकात बसून तोही वाळला असणार. तिथे कोण पोटभर जेवतंय? वायू खाली येईल, तो मास्क चढवील, विश्वासानं श्वास घेईल. मग डोळे जळायला लागतील आणि तो बाहेर पळेल.

ती जिन्यानं वर आली, धावतच.

हिराता-सान डबा खात होते. त्यांनी काड्या खाली ठेवल्या.

"मला वास येत नाही," नेत्रा उभ्या उभ्याच म्हणाली. "कशाचाच नाही. आजच्या मास्कच्या आत केळ्याचा वास होता, तो कस्तुरी-सान यांना आला. मला आला नाही. बरण्यांची परीक्षा मी झाकणावरून देते, नाकानं नाही. ट्रक थांबवा."

त्यांनी दातांमधून हवा आत ओढली. मग फोन उचलून खाली दोन वाक्यं सांगितली: हिरव्या पट्टीची खोकी बाजूला काढा, कारण नंतर कळवतो. मग उठून दार लावलं, खणातून दोषाची नोंद करायचा फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"कधीपासून?"

तिनं तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

"जरा थांबा. आठवून सांगा." ते फॉर्मकडे बघत बोलत होते, तिच्याकडे नाही. "गेल्या आठवड्यात तुम्हाला सर्दी झाली होती. मला वाटतं, मी तुम्हाला शिंकताना ऐकलं. सर्दीत वास जातो, कोणाचाही जातो. तसं असेल तर आजची खेप थांबेल. सर्दी बरी झाली की पुन्हा चाचणी. आणि एप्रिलचं ते..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. इथली माणसं सोडतात तसं, पुढचं समोरच्यानं उचलावं म्हणून.

नेत्रा शिंकली नव्हती. तिला सर्दी झाली नव्हती, आणि हे त्यांनाही माहीत होतं. त्यांची नजर क्षणभर तिच्या मागच्या फडताळावर गेली आणि परत आली. तिनं वळून पाहिलं नाही. तिथे दोन जाड फायली होत्या. ऑक्टोबरची खेप आणि डिसेंबरची खेप. त्या दोन्हींवर तिचा शिक्का होता. त्यांचा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता असं नाही. तो यायला लागला की ती उठून दुसरं काहीतरी काम काढायची, भांडी घासायची, कपडे इस्त्री करायची. तो माल गोदामात नव्हता. तो माणसांच्या तोंडावर होता.

सर्दी म्हटलं की सगळं वाचत होतं. ती, हिराता-सान, कंपनीचं नाव. किती सोपा शब्द! लहान मुलांना शाळा बुडवायला पुरतो.

पेन कागदावर थांबलं होतं.

"मला सर्दी झाली नव्हती," ती म्हणाली. "गेल्या वर्षी, चौदा जानेवारीपासून."

"तारीख इतकी नक्की?"

"आमचा सण होता, संक्रांत. मी तीळ भाजत होते. कढईत सगळे जळून कोळसा झाले आणि मी शेजारी उभी होते, पण मला कळलं नाही. शेवटी धुराचा भोंगा वाजला."

हिराता-सान यांनी तारीख लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आखीव होतं. त्याच्याखाली त्यांनी तीन खेपांचे क्रमांक लिहिले, फाईल न उघडता, तोंडपाठ.

"हे गेलं की उद्यापासून तुम्हाला इथे येता येणार नाही," ते म्हणाले. "बहुधा मलाही."

"हो." ती कमरेत वाकली, अगदी खाली. "माझं फार चुकलं. मी..."

"माफी नंतर!"

त्यांचा आवाज चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. दाराच्या काचेतून कस्तुरीचा घाबरलेला चेहरा दिसला.

"माफीचं काय करतील ते? चौदाशे मास्क तिकडे गेलेत. मला आज पत्र लिहायचं आहे. काय लिहू? घालू नका? मग काय घालतील? ओला रुमाल? शंभर वर्षांपूर्वी तेच बांधत होते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "गळतो की नाही, कुठून गळतो, किती गळतो, काही म्हणजे काही माहीत नाही मला. मोजणारं यंत्र सेंदाई शहरात आहे, नंबर लागायला तीन आठवडे. आणि या मापाचा चेहरा माझ्याकडे एकच आहे."

नेत्रा सरळ उभी राहिली. तिला रडू येत होतं, पण आत्ता रडणं म्हणजे पुन्हा स्वतःचंच काहीतरी करणं झालं असतं.

"धुराच्या नळ्या आहेत ना अजून?" तिनं विचारलं.

"त्या वापरणं कंपनीनं बंद केलं आहे."

"पण आहेत ना?"

त्या पूर्वी वापरत. काचेची नळी फोडून रबरी फुग्यानं मास्कच्या कडेकडेनं बोचरा धूर सोडायचा. आत शिरला तर माणूस खोकतो. ठरवून खोकला आणता येतो, पण हा ठरवून थांबवता येत नाही. एक कामगार तासभर श्वासासाठी तडफडला, तेव्हापासून नळ्या कपाटात गेल्या.

"त्याला नाक लागत नाही," नेत्रा म्हणाली. "तिथे मला खोटं बोलता येणार नाही."

"आत शिरला तर फार त्रास होतो, नेत्रा-सान."

"शिरला तर निदान कळेल तरी, कुठून ते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच, नीट. मग उठून कपाटाची किल्ली शोधू लागले.

हवा ओढणाऱ्या पंख्याखाली खुर्ची मांडली गेली. कस्तुरीच्या हातात तक्ता दिला. ती काही विचारणार होती, पण नेत्राचा चेहरा बघून तिनं प्रश्न गिळला आणि मास्क पुढे केला. नेत्रानं तो चढवला, सकाळी आवळले होते तेवढेच पट्टे आवळले आणि बसली. तळवे घामानं ओले झाले होते. ते तिनं मांडीला पुसले.

"दचकलात तर लगेच काढतो," हिराता-सान म्हणाले.

हनुवटीखाली पांढरी रेघ फिरली. काही नाही. उजवा गाल, कानशील, कपाळ. काही नाही. मग नळी कपाळावरून डाव्या डोळ्याशी आली, तिथून खाली नाकाच्या बगलेला, आणि नेत्राच्या घशात कोणीतरी तिखटाची मूठ कोंबली.

ती खोकली. वाकून, खुर्चीचा हात धरून, छाती फुटेल असं खोकली. काचेच्या आत डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. हिराता-सान यांनी झटकन नळी मागे घेतली आणि दुसरा हात तिच्या पट्ट्याकडे नेला.

नेत्रानं त्यांचं मनगट धरलं. दोन वर्षांत त्यांचा नमस्कारापलीकडे संबंध आला नव्हता. तिनं ते मनगट घट्ट धरलं, नळीसकट पुन्हा आपल्या चेहऱ्याशी आणलं, नाकाच्या डाव्या बाजूला, बरोबर त्याच जागी.

"इथे," ती खोकत म्हणाली. "कस्तुरी, लिही. डावीकडे, नाकाच्या बगलेला, मधल्या पट्ट्याच्या वर."

"ताई, पुरे ना गं! काढ तो!"

"लिहिलंस?"

"लिहिलं."

नेत्रानं मोकळ्या हातानं डोक्यामागचा वरचा पट्टा चाचपला, एक खाच आवळला आणि मान ताठ केली.

"आवळून थांबला तर पत्रात तेच लिहा. आता परत सोडा," ती म्हणाली.